कोकमाच्या सालीचे रंगचूर्ण आणि त्याच्या टिकाऊपणाचा प्रश्न

(फळप्रक्रियेचा व्यवसाय करणाऱ्या महिला मंडळांच्या व स्वयंसाहाय्य गटांच्या सदस्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोव्यात ज्याला भिरंड म्हणतात, सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे ज्याला रातांबा म्हणतात, आणि बेळगावच्या दक्षिणेस खानापूरच्या रानातही जे आपोआप उगवते व फळते, ते कोकमाचे झाड आपल्यापैकी कोणासही नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही. त्याच्या सालीची सोले आपल्या हुमणात व आमटीत पडतात, त्याच्या रसाची सोलकढी होते, बियांपासून भिरंडेल किंवा मुटेल निघते, आणि साखरेत मुरविलेल्या सालीचे सरबत उन्हाळ्यात प्रत्येक घरी असते. या सर्व पदार्थांत कोकमाच्या आंबटपणाचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या केला गेला. त्याच्या रंगाकडे मात्र शोभेची वस्तू म्हणूनच पाहिले गेले. वास्तविक हा रंग फार जुन्या काळापासून माहीत आहे. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथात या फळाची नोंद असून रंगारी त्याचा उपयोग करीत आणि त्याच्या साली सिरका करण्यासाठी समुद्रापार नेल्या जात, असा उल्लेख आहे.

आज तोच रंग चूर्णाच्या रूपाने बाजारात आणण्याचा प्रयत्न ठिकठिकाणी चालू आहे. चूर्ण तयार करणे हे फारसे अवघड काम राहिलेले नाही. अवघड आहे ते चूर्ण टिकविणे. वैशाखात तयार केलेले टवटवीत लाल चूर्ण श्रावणात उघडून पाहावे तो त्याचा तपकिरी, चिकट गोळा झालेला असतो, हा अनुभव अनेक गटांना आलेला आहे. यास्तव आजच्या भाषणाचा विषय चूर्ण करण्याची कृती हा नसून, केलेले चूर्ण का बिघडते आणि ते बिघडू नये म्हणून काय करता येईल, हा आहे.

नैसर्गिक रंगाला मागणी का आली?

१८५६ साली इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री पर्किन या तरुण रसायनशास्त्रज्ञाने कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून पहिला महत्त्वाचा कृत्रिम रंग तयार केला. तेथून पुढे अर्ध्या शतकात मंजिष्ठ, नीळ यांसारख्या वनस्पतिज रंगांची बाजारपेठ जवळजवळ संपुष्टात आली. खाद्यपदार्थांतही तेच घडले. कृत्रिम रंग स्वस्त होते हे त्याचे एक कारण खरे. परंतु तेवढेच महत्त्वाचे दुसरे कारण असे की ते प्रत्येक वेळी एकसारखे निघत आणि महिनोन्‌महिने तसेच राहत. नैसर्गिक रंगांना या एका गुणाने हरविले, ही गोष्ट आज या व्यवसायात उतरणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावी.

आता चक्र काहीसे उलट फिरू लागले आहे. आपल्या देशाच्या २०११ सालच्या अन्नसुरक्षा नियमांत खाद्यपदार्थांसाठी आठ कृत्रिम रंगांना, ठरावीक पदार्थांत व ठरावीक प्रमाणात, परवानगी देण्यात आली. तथापि परवानगी नसलेले, कापड रंगविण्याचे रंगही खाद्यपदार्थांत सर्रास आढळतात. ऱ्होडामाइन-बी हा त्यांपैकीच एक. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियन आणि ‘म्हातारीचे केस’ या मिठाईतील कृत्रिम रंगांच्या वापरावर बंदी घातली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एरिथ्रोसिन या लाल रंगाची खाद्यपदार्थांतील परवानगी रद्द केली. अशा घटनांमुळे मिठाईवाले, सरबतवाले, आइस्क्रीमवाले नैसर्गिक लाल रंगाची चौकशी करू लागले आहेत. पण चौकशी करणारा ग्राहक पहिल्या खेपेस फसला तर तो दुसऱ्या खेपेस येत नाही. त्याच्या दुकानात जुन्या कृत्रिम रंगाची पुडी तयारच असते. म्हणून टिकाऊपणाचा प्रश्न हा या उद्योगाच्या जीवनमरणाचा प्रश्न होय.

रंगाचा स्वभाव

कोकमाच्या सालीत जो लाल रंग असतो तो अँथोसायनिन या वर्गातील आहे. जांभूळ, काळी द्राक्षे, जास्वंदीचे फूल यांचे रंगही याच वर्गातले. कोकमात मुख्यतः सायनिडिन या रंगद्रव्याची दोन रूपे आढळतात. एकाला ग्लुकोज ही एक साखर जोडलेली असते, तर दुसऱ्याला सांब्युबायोज ही जोडसाखर.

हा रंग आम्लाचा मित्र आहे. तीव्र आम्लात तो स्वच्छ लाल दिसतो. आम्लता कमी होत गेली की फिका पडतो. आम्लता संपून पदार्थ अल्कधर्मी झाला की निळसर-जांभळा होतो व लवकरच नष्ट होतो. सोलकढीचा डाग साबण लागताच निळसर का होतो, याचे उत्तर यातच आहे. ज्या रंगद्रव्याला साखरेबरोबर विशिष्ट सेंद्रिय आम्लांचे रेणूही जोडलेले असतात, ते अधिक चिवट असते. काळे गाजर आणि लाल कोबी यांच्या रंगात अशी जोडणी असते. कोकमाच्या रंगात ती नसते. म्हणजे रचनेच्या दृष्टीने कोकमाचा रंग नाजूक आहे. मात्र निसर्गाने त्याची भरपाई दुसऱ्या बाजूने केली आहे. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर असते आणि या आम्लाच्या आश्रयाने तो नाजूक रंग टिकून राहतो.

येथेच खरी मेख आहे. जे आम्ल रंगाचे रक्षण करते, तेच हवेतील दमट ओलावाही ओढून घेते. सालीतील नैसर्गिक साखर त्याला साथ देते. म्हणजे कोकमाच्या चूर्णाचा रक्षक आणि भेदी एकच आहे. आम्ल काढून टाकावे तर रंग जातो, ठेवावे तर चूर्णाला पाणी सुटते. या पेचातून वाट काढणे म्हणजेच कोकमाचे रंगचूर्ण टिकविणे.

सोलांचा अनुभव येथे लागू का होत नाही?

अनेक भगिनी म्हणतात, ‘आमची सोले वर्ष-दोन वर्षे टिकतात, मग चूर्णच का टिकू नये?’ शंका रास्त आहे. सोले करताना साल फोडून वेगळी करतात, गराच्या रसात मीठ घालून त्या रसाची पुटे सालीला पुन्हा पुन्हा देतात आणि दरवेळी उन्हात वाळवितात. मीठ आणि आम्ल यांमुळे बुरशी धरत नाही. पण जुनी सोले पाहा. ती काळीभोर झालेली असतात. स्वयंपाकघराला त्याचे काही वाटत नाही, किंबहुना जुन्या काळ्या सोलांना अधिक मानही मिळतो. कारण तेथे आंबटपणा हवा असतो, आणि आंबटपणा कालांतराने उडून जात नाही. रंग मात्र उडून गेलेला असतो. सोले टिकली याचा अर्थ त्यांचे आम्ल टिकले. त्यांचा रंग टिकला असा नव्हे.

म्हणून रंगचूर्णासाठी सोलांची कृती जशीच्या तशी वापरणे योग्य नाही. मिठाची पुटे दिलेली साल दमट हवेत ओलावा अधिक ओढते, आणि भर उन्हातील वाळवण प्रकाश व हवा या दोन्हींच्या तावडीत रंगाला आठवडाभर ठेवते. रंगासाठी साल निराळी वाळवावी : पूर्ण पिकलेली, लालभडक, न कुजलेली फळे निवडावीत, बी व गर काढून साल पातळ चिरावी, आणि मिठाशिवाय, सावलीतील यंत्रवाळवणीत सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सिअस तापमानाला वाळवावी. फळाच्या वजनापैकी सुमारे निम्मे वजन सालीचे असते आणि ओल्या सालीत चार पंचमांशांच्या आसपास पाणी असते, हे लक्षात घेतले म्हणजे १०० किलो फळांपासून कोरडी साल किती थोडी मिळणार, आणि ती वाया गेली तर नुकसान केवढे, याचा हिशेब प्रत्येकाला करता येईल.

पाच शत्रू

चूर्णाच्या रंगाचे पाच प्रमुख शत्रू आहेत : ओलावा, उष्णता, हवेतील प्राणवायू, प्रकाश आणि धातू.

पहिला शत्रू ओलावा. आपल्याकडे सर्वांत प्रबळ हाच. साधारण समज असा की बुरशी आली नाही म्हणजे माल चांगला. शास्त्र वेगळे सांगते. पदार्थातील मोकळ्या पाण्याचे प्रमाण शुद्ध पाण्याच्या तुलनेत ०.६ पेक्षा खाली असेल तर बुरशी वाढत नाही, हे खरे. पण चूर्णाचे गोळे होणे आणि रंग उतरणे ही क्रिया त्याच्याही बऱ्याच खाली चालू असते. रंगचूर्णासाठी हे प्रमाण ०.३ च्या आसपास किंवा त्याहून कमी राखणे हितावह होय. म्हणजेच चूर्णातील ओलावा शेकडा ५ च्या वर जाऊ देऊ नये.

गोळे का होतात, हे समजण्यासाठी चिक्कीचे उदाहरण पुरेसे आहे. गुळाचा पाक कडक झाला की तो काचेसारखा ठिसूळ असतो; पावसाळ्यात डबा उघडा राहिला की तीच चिक्की मऊ व चिकट होते. कोरड्या चूर्णातील साखर व आम्लेही अशीच काचेसारख्या अवस्थेत असतात. प्रत्येक द्रव्याची ही अवस्था मोडण्याचे एक तापमान असते. कोरड्या ग्लुकोजच्या बाबतीत ते सुमारे ३१ अंश, तर फ्रुक्टोजच्या बाबतीत अवघे ५ अंशांच्या आसपास आहे. त्यात थोडासा ओलावा शिरला की ते आणखी झपाट्याने खाली येते. म्हणजे आपल्या हवामानात, फळातील साखर व आम्ल यांवरच अवलंबून असलेले चूर्ण चिकट होणे हे जवळजवळ ठरलेलेच आहे. एकदा ते चिकट झाले की आतील रेणू हालचाल करू लागतात आणि रंगाचा नाश वेगाने होतो.

दुसरा शत्रू उष्णता. अँथोसायनिनचा नाश एका ठरावीक नियमाने होतो : ठरावीक काळात उरलेल्या रंगाचा ठरावीक हिस्सा जातो. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एखाद्या चूर्णाचा रंग २५ अंशांवर १२ महिन्यांत निम्मा होतो. तर पहिल्या ३ महिन्यांतच तो शेकडा १६ ने घटलेला असेल. तापमान १० अंशांनी वाढल्यास या नाशाचा वेग साधारणतः दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. दुप्पट धरला तरी तेच चूर्ण पत्र्याच्या छपराखाली ३५ अंशांवर ठेवले तर ६ महिन्यांतच निम्मे रंगहीन होईल, आणि ३ महिन्यांतील घट शेकडा २९ पर्यंत जाईल. उलट १५ अंशांच्या थंड जागी तेच २४ महिने निम्म्याहून अधिक रंग राखील. हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. प्रत्येक चूर्णाचे आकडे निराळे असतील, पण नियम हाच राहील. वाळवताना, दळताना आणि गाडीतून माल पाठवताना लागणारी उष्णताही याच हिशेबात धरावयाची असते. दळणाचे भांडे हाताला गरम लागले म्हणजे रंगाचे नुकसान सुरू झाले, असे समजावे. थांबून थांबून, थोडे थोडे दळणे हाच त्यावर उपाय.

तिसरा शत्रू प्राणवायू. सालीचे चूर्ण केले की तिचा हवेशी संबंध येणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. म्हणून साल अखंड वाळवून ठेवणे आणि मागणीप्रमाणे दळणे हे लहान गटांना अधिक सोयीचे आहे. आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. रंग टिकावा म्हणून काही जण चूर्णात ‘क’ जीवनसत्त्व घालतात. इतर अनेक पदार्थांत ते उपकारक असले, तरी अँथोसायनिनच्या सहवासात दोघेही एकमेकांच्या नाशास कारणीभूत होतात, असे दिसून आलेले आहे. रंगचूर्णात ते घालणे टाळावे.

चौथा शत्रू प्रकाश. पारदर्शक बाटलीतील लाल चूर्ण दुकानाच्या फडताळात देखणे दिसते. पण दिसण्यासाठी दिलेली ही किंमत फार मोठी आहे. माल अपारदर्शक वेष्टनात किंवा गडद तपकिरी काचेत ठेवावा आणि ग्राहकास रंग दाखविण्यासाठी वेष्टनावर चित्र छापावे.

पाचवा शत्रू धातू. लोखंड व तांबे यांचा स्पर्श होताच हा रंग काळपट-निळसर होतो आणि त्याचे प्राणवायूशी होणारे संयोगही वाढतात. विळी, सुरी, चाळणी, तसराळे हे सर्व गंज न चढणाऱ्या पोलादाचे किंवा खाद्यपदार्थांस योग्य अशा प्लॅस्टिकचे असावे. तांब्यापितळेची भांडी, कल्हई केलेली असली तरी, या कामी नकोत.

चूर्णाचे दोन प्रकार

कोकमाचे रंगचूर्ण दोन प्रकारांनी करता येते. पहिल्या प्रकारात वाळलेली साल दळून वस्त्रगाळ केली जाते. यात सालीचा चोथा, आम्ल, साखर सर्व काही असते. खर्च कमी, यंत्रसामग्री थोडी. पण रंग सौम्य असतो आणि चूर्ण पाण्यात पूर्णपणे विरघळत नाही. सोलकढी, चटणी, मसाला यांसाठी ते चालते.

दुसऱ्या प्रकारात सालीतून रंगाचा अर्क काढून तो गाळला जातो आणि त्यात एखादे आधारद्रव्य मिसळून फवारा-वाळवणी यंत्रातून त्याचे चूर्ण केले जाते. या यंत्रात आत येणारी हवा १५० अंशांच्या वर तापलेली असते. पण थेंब क्षणात वाळतो आणि पाणी उडताना तो थंड राहतो, त्यामुळे रंग बराचसा वाचतो. आधारद्रव्य म्हणून मक्याच्या किंवा अन्य स्टार्चपासून केलेले माल्टोडेक्स्ट्रिन आणि अकेशियाचा डिंक वापरतात. माल्टोडेक्स्ट्रिनची काचेसारखी अवस्था मोडण्याचे तापमान, त्याच्या प्रकारानुसार, १०० अंशांच्याही बरेच वर असते. साखरेच्या चिकट रेणूंमध्ये ते कडक खांबांसारखे उभे राहते आणि रंगाच्या कणाभोवती आवरण धरते. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कोकमाच्या अँथोसायनिनची फवारा-वाळवणी अशा आधारद्रव्यांसह करण्यावर संशोधन झालेले आहे.

आधारद्रव्य वाढविले की चूर्ण कोरडे व सुटसुटीत राहते, पण रंग पातळ होतो आणि ग्राहकास अधिक चूर्ण वापरावे लागते. आधारद्रव्य कमी केले की रंग गडद, पण गोळे होण्याची भीती. या दोहोंमधला समतोल प्रत्येक उत्पादकाने प्रयोगानेच ठरवावयाचा असतो. मात्र ज्या चूर्णात माल्टोडेक्स्ट्रिन आहे त्यावर ‘शंभर टक्के कोकम’ असे छापणे ही ग्राहकाची फसवणूक होय. घटकद्रव्यांची नावे वेष्टनावर स्पष्ट असलीच पाहिजेत.

इतर सालींविषयी थोडेसे

कोकमाचा अनुभव प्रत्येक सालीला लागू होत नाही. ड्रॅगन फळाच्या सालीतील गुलाबी रंग बीटाच्या वर्गातला आहे. त्याला तीव्र आम्ल आवश्यक नसते, पण उष्णता मुळीच सोसत नाही. आंब्याच्या पिवळ्या सालीतील व संत्र्याच्या सालीतील रंगद्रव्ये गाजरातील रंगाच्या वर्गातली, तेलात विरघळणारी. त्यांना आम्लतेचे फारसे भय नाही, परंतु प्राणवायू व प्रकाश यांनी ती फिकी होतात. डाळिंबाच्या सालीत टॅनिन फार. ती परंपरेने कापड रंगविण्यासाठी वापरली जाते आणि तुरटपणामुळे खाद्यपदार्थांत तिचा वापर बेतानेच करावा लागतो. तात्पर्य, साल कोणती हे पाहून तिच्या रंगाचा वर्ग कोणता, आणि त्या वर्गाचा मुख्य शत्रू कोणता, हे आधी समजून घ्यावे. मगच यंत्र व वेष्टन निवडावे.

पावसाळ्याचे गणित

कोकमाचा हंगाम मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत असतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो. पुष्कळ फळे पावसाच्या तोंडावर पिकतात व भिजून वाया जातात. जी साल वाळविली जाते, तिच्यावर लगेच चार महिन्यांचा दमट काळ येतो. माल विकावयाचा असतो तो चतुर्थी-दिवाळीच्या बाजारात. म्हणजे चूर्णाची कसोटी त्याच्या जन्मानंतर लगेच, आणि तीही सर्वांत कठीण ऋतूत, होते. कोरड्या प्रदेशात यशस्वी झालेली वेष्टनाची पद्धत किनाऱ्यावर अपयशी ठरते ती याच कारणाने.

साध्या पॉलिथिनच्या पिशवीतून पाण्याची वाफ हळू जाते हे खरे, पण प्राणवायू सहज आरपार जातो. चूर्णासाठी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा थर असलेले बहुथरी वेष्टन वापरावे, त्याची शिवण उष्णतेने नीट बंद करावी, आणि आत हवा कमीत कमी ठेवावी. काचेची बाटली वापरावयाची तर ती गळ्यापर्यंत भरावी व झाकण घट्ट असावे. मोठ्या पुड्यांपेक्षा लहान पुड्या बऱ्या. कारण गिऱ्हाईक पुडी उघडते त्या क्षणापासून चूर्णाचे उरलेले आयुष्य झपाट्याने घटू लागते. दळणे, चाळणे, भरणे ही तिन्ही कामे कोरड्या दिवशी किंवा हवा कोरडी करणारे यंत्र असलेल्या खोलीत, एकाच दिवशी उरकावीत. रात्रभर उघडे राहिलेले चूर्ण सकाळी पुडीत भरले, तर रात्रीचा ओलावाही त्याच्याबरोबर पुडीत बंद होतो.

घरच्या घरी करता येईल अशी परीक्षा

प्रयोगशाळेत या रंगाचे मोजमाप करण्याची मान्य पद्धत आहे. चूर्णाचा अर्क पीएच १.० आणि पीएच ४.५ अशा दोन द्रावणांत घेऊन, प्रत्येकाने किती प्रकाश शोषला हे ५२० व ७०० नॅनोमीटर या तरंगलांबींवर पाहतात आणि त्यांतील फरकावरून रंगाचे प्रमाण काढतात. माल मोठ्या प्रमाणावर विकावयाचा असेल तर अशी तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था यांसारख्या संस्थांचा तांत्रिक सल्लाही घ्यावा.

परंतु दैनंदिन कामासाठी प्रत्येक गटाला एक साधी परीक्षा करता येण्याजोगी आहे. ताज्या चूर्णाच्या एकसारख्या वजनाच्या बारा पुड्या कराव्यात. तीन पुड्या शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. हा तुलनेचा नमुना. तीन पुड्या भांडारातील नेहमीच्या फळीवर ठेवाव्यात. तीन पुड्या छपराजवळच्या सर्वांत गरम जागी ठेवाव्यात. उरलेल्या तीन एका मोठ्या बरणीत ठेवाव्यात. बरणीच्या तळाशी मीठ आणि थोडे पाणी यांचा दाट चिखल असावा, आणि पुड्या त्याला न लागता वरच्या जाळीवर असाव्यात. अशा बंद बरणीतील हवेची आर्द्रता आपोआप शेकडा ७५ च्या आसपास स्थिर राहते. बरणीतील पुड्यांचे वजन दर आठवड्यास करावे. वजन वाढू लागले तर वेष्टनातून ओलावा आत शिरतो आहे, हे त्यावरून कळते.

दर महिन्यास प्रत्येक ठिकाणची एक पुडी उघडून, ठरावीक वजनाचे चूर्ण ठरावीक पाण्यात मिसळून, गाळून, सारख्याच काचेच्या पेल्यांत पांढऱ्या कागदापुढे ठेवावे. शीतकपाटातील नमुन्याशी तुलना करताच कोणता रंग किती उतरला, हे डोळ्यांनाच कळते. तीन महिन्यांचा हा प्रयोग एका पावसाळ्यात पुरा होतो आणि तो वहीत तारीखवार लिहून ठेवला तर पुढील वर्षी वेष्टनावर कोणती मुदत छापावी, याला आधार मिळतो. प्रयोगाशिवाय छापलेली मुदत म्हणजे केवळ अंदाज होय.

एका मोहापासून सावध

फिका पडलेला माल पाहून एक मोह होण्याचा संभव असतो. चिमूटभर कृत्रिम रंग मिसळला की चूर्ण पुन्हा लाल होते. ही भेसळ होय. कायद्याने तो गुन्हा आहे, आणि ‘नैसर्गिक’ या शब्दावर विश्वास ठेवून लहान मुलांसाठी तो पदार्थ घेणाऱ्या आईचा तो विश्वासघात आहे. शिवाय अशी एक पुडी पकडली गेली तर संशय सर्वच गटांच्या मालावर येतो. प्रामाणिक गटालाही त्याची झळ बसते.

याबाबत ग्राहकासही एक साधी खूण सांगता येईल. चूर्णाचे पाणी करून त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर कोकमाचा रंग लालीवरून जांभळट-निळसर होतो. कृत्रिम लाल रंग सहसा तसा बदलत नाहीत. मात्र या परीक्षेने शुद्धतेचा पुरावा मिळत नाही. मिश्रणात दोन्ही रंग असतील तर फसगत होऊ शकते. संशय आल्यास प्रयोगशाळेची तपासणी हाच मार्ग.

फिका झालेला माल टाकूनच द्यावा लागतो असेही नाही. ज्याचा रंग उतरला पण ज्यात ओलावा वा बुरशी शिरलेली नाही, त्या चूर्णाचा आंबटपणा शाबूत असतो. ते ‘रंगचूर्ण’ म्हणून न विकता ‘कोकम आंबट चूर्ण’ म्हणून, योग्य त्या किमतीस विकावे. असे केल्याने तोटा थोडा कमी होतो आणि नावही राखले जाते.

समारोप

बंधुभगिनींनो, कोकमाचे झाड आपल्याकडे रानोमाळ आहे, त्याला फारशी मशागत लागत नाही, आणि २०१६ साली सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. नैसर्गिक रंगाची मागणी वाढत असताना ही संधी हातची जाऊ नये. ती राखण्यासाठी मोठ्या यंत्रांपेक्षा प्रथम शिस्तीची गरज आहे : निवडलेली लाल साल, मिठाशिवाय सावलीत वाळवण, थंड दळण, कोरडी खोली, प्रकाश व हवा रोखणारे वेष्टन, गार भांडार, तारखांची वही, आणि वेष्टनावर खरा मजकूर. यांतील एकही गोष्ट कोणत्याही गटाच्या आवाक्याबाहेरची नाही. येत्या हंगामात प्रत्येक गटाने निदान बारा पुड्यांचा प्रयोग करावा आणि त्याची नोंद इतर गटांना दाखवावी. एका गटाची वही दहा गटांच्या उपयोगी पडेल.